मिशनच्या बातम्या: उपासनेनंतर चहाच्या वेळी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेत चार-पाच मिनिटं मिशनच्या बातम्या वाचल्या जातात. वाचते मी. मग खाली आवारात चहाचा कप हातात येईपर्यंत दोघं-तिघं तरी गाठतात. प्रश्न बहुधा तेच असतात, माझं उत्तर मात्र घाईत दर वेळी वेगळं होतं, हे पाळकीणबाईंनी माझ्या लक्षात आणून दिलं. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी पोस्टात नोकरी केली, त्यामुळे पत्र, पत्ता आणि उशीर ह्या तीन गोष्टींवर जरा जास्तच बोलते. तेवढं चालवून घ्या.

ह्या बातम्या येतात कुठून?

आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र आली आणि ही एक चर्च झाली. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींची आधीच झालेली एकजूट होती, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेतले मेथॉडिस्ट होते. अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी आले नाहीत. तुमची आत्या मेथॉडिस्ट चर्चला जाते आणि तुम्ही इथे येता, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

एकत्र येताना प्रत्येकाने आपापले जुने नातेवाईक बरोबर आणले, लग्नघरी येतात तसे. म्हणून आज स्कॉटलंडचं पत्र येतं, इंग्लंडचं येतं, अमेरिकेचंही येतं. शिवाय आपण कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनचे सभासद आहोत. ही संस्था म्हणजे 1795 साली निघालेल्या लंडन मिशनरी सोसायटीची वारस. 1977 साली तिने आपली घडीच बदलली. तोपर्यंत लंडन ठरवणार आणि बाकीचे घेणार, असं चाले. त्यानंतर पॅसिफिकमधलं बेट असो, झांबिया असो की भारत, सगळ्या सभासद मंडळ्या एकाच टेबलाभोवती बसून पैसा आणि माणसं यांचं ठरवू लागल्या. बातम्यांचा सूरही तेव्हापासून बदलला. जुन्या अहवालांत 'त्यांच्यासाठी आम्ही काय केलं' असायचं, आता पत्राच्या शेवटी 'तुमच्याकडे काय चाललंय' असं विचारलेलं असतं.

मी इंग्रजीतून आलेलं वाचते, त्यातलं निवडते, मराठीत लिहिते आणि पाळकसाहेबांना दाखवते. ते एखादा शब्द बदलतात. बस्स, एवढीच यंत्रणा.

आपल्याच नळाला पाणी नाही, आणि प्रार्थना झांबियासाठी?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या घरी खरंच काहीतरी चालू असतं. इमारत पुनर्विकासाला गेलेली असते, भाड्याचा चेक थकलेला असतो, मुलगा घरी बसलेला असतो. त्यामुळे मी आधी त्यांच्या घरचंच विचारते. पण उत्तर द्यायचं झालं तर गोष्ट झांबियाचीच सांगावी लागते, कारण ती अर्धी आपल्या मुंबईची आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं अडवायचं. सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना घेऊन जहाजं मुंबई बंदरात यायची. आई-बाप कुठे, गाव कुठलं, काही पत्ता नाही. यातल्या काही मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ 1854 मध्ये वसवलेल्या वस्तीत नेलं. वस्तीचं नाव शरणपूर. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण किती वेळा रिक्षाने गेलो असू, पण कोण शरण आलं होतं हे कुणी विचारलं नाही. मुलं तिथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली. पुढे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' असं नावच पडलं.

1864 च्या जूनमध्ये आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन झांझिबारहून 'लेडी न्यासा' नावाची चिमुकली आगबोट हाकत मुंबईत आले, तेही पावसाळा तोंडावर असताना. बोट नंतर इथेच विकली, पैसे बँकेत ठेवले आणि बँक बुडाली. (मुंबईत पैसे बुडालेल्यांच्या यादीत फार मोठी माणसं आहेत.) त्यांच्याबरोबर आलेला चुमा नावाचा मुलगा इथे डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. 1865 साली चुमाचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. पुढच्या सफरीला निघताना लिव्हिंग्स्टन यांनी चुमाला घेतलं, आणि शरणपूरचे नऊ तरुणही घेतले. नंतर तिथलीच आणखी काही मुलं त्यांना जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट होता.

1 मे 1873 रोजी, आज आपण ज्याला झांबिया म्हणतो त्या मुलखात, लिव्हिंग्स्टन वारले. जवळ एकही गोरा माणूस नव्हता. चुमा होता, त्यांचा जुना आफ्रिकन सोबती सुसी होता, जेकब होता. त्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग मीठ लावून वाळवलेला तो देह या माणसांनी खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. सुमारे नऊ महिने चालत. कुणी हुकूम दिला नव्हता. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत आपल्या शरणपूरचा जेकब होता.

गोष्ट तिथे संपत नाही. 1875 मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन नावाची वस्ती झाली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं, आणि तिथे शिकवायला, घरं बांधायला, उपासना चालवायला गेलेली माणसं शरणपूरची. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आफ्रिकेला मिशनरी गेले, आणि ते मुळात आफ्रिकेतून ओढून आणलेली पोरं होती.

युनायटेड चर्च ऑफ झांबिया 1965 साली एकत्र आली, आपल्या पाच वर्षं आधी. कौन्सिलच्या टेबलावर ते आणि आपण शेजारी बसतो. त्यांच्या दुष्काळासाठी आपण हात जोडले तर ती भावकीची चौकशी झाली. नळाच्या पाण्यासाठीही प्रार्थना करूच. वॉर्ड ऑफिसात अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागेल.

मिशनरी म्हणजे गोरा साहेबच ना?

आपल्या मनातलं चित्र तसं आहे खरं: टोपी, घोडा, मोडकंतोडकं मराठी. जेकबचं वर सांगितलंच. आणखी दोघांचं सांगते.

पॅसिफिकमधल्या कुक बेटांवर शुभवर्तमान कुणी नेलं? लंडनच्या सोसायटीचं जहाज 1821 आणि 1823 मध्ये तिथे गेलं हे खरं, पण बेटावर उतरून राहिला तो पापेइहा नावाचा, त्याच महासागरातल्या दुसऱ्या बेटावरचा माणूस. साहेब जहाजावरून परत गेले. पुढे त्याच कुक बेटांवरून शिक्षक पापुआ न्यू गिनीला गेले, आणि त्यांतले कितीतरी हिवतापाने तिथेच वारले.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. मिझोरामच्या घराघरांत बाई भात रांधायला घेताना आधी मूठभर तांदूळ बाजूला काढते. त्याला तिथे 'बुहफाई थाम' म्हणतात. 1910 च्या आसपास ही रीत सुरू झाली. आठवड्याचे जमलेले तांदूळ मंडळीत येतात, विकले जातात आणि ते पैसे मिशनला जातात. त्या मुठींतून आज वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात, मिझो मिशनरी देशभर जातात. ज्या वेल्समधून त्यांच्याकडे मिशनरी आले होते, त्या वेल्समध्येही मिझो पाळक सेवेला जाऊन आले आहेत, कारण तिथली चर्च ओस पडू लागली होती.

हे वाचून दाखवल्यावर आमच्या महिला संघाने दोन महिने तांदूळ गोळा केले. वन-रूम-किचनमध्ये डबा ठेवायला जागा नाही, तांदळाला किडे लागले, आणि रेशनचा, कोलम, बासमती असा सगळा एकत्र झालेला तांदूळ विकत घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी आम्हीच त्याची खिचडी करून खाल्ली आणि डब्यात पैसे टाकले. ऐझॉलचं ऐझॉलला, परळचं परळला.

आपल्याबद्दल कधी अशा बातम्या छापून यायच्या का?

यायच्या. आणि ह्या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, जरी तो वर्षातून एकदाच कुणीतरी विचारत असलं तरी.

11 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. कलकत्त्याहून कंपनी सरकारने त्यांना हाकललं होतं. इथेही परत पाठवण्याचा हुकूम झाला. ते गुपचूप गलबताने कोचीनला निसटले, तिथून त्यांना परत आणलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे होते, त्यामुळे दिवस ढकलले गेले आणि अखेर राहायची परवानगी मिळाली. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी.

त्यांची पत्रं आफ्रिकेला वळसा घालून जायची. बॉस्टनला, म्हणजे त्यांना पाठवणाऱ्या संस्थेकडे, पोहोचायला चार-पाच महिने लागायचे, उत्तर यायला तेवढेच. तिथल्या मासिकात ती छापली जायची आणि खेड्यापाड्यातल्या चर्चमध्ये मोठ्याने वाचली जायची, अगदी मी वाचते तशी. त्या बातम्यांत आपण होतो. गिरगाव, भायखळा, माहीम. आपले पणजोबा-पणजी. त्यांतली बरीच वाक्यं वाचवत नाहीत. 'अंधारात बुडालेले', 'आळशी', 'मूर्तिपूजक जमाव'. त्याच पानावर त्यांनी केलेलं खरं कामही आहे: 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा, 1826 मध्ये बायबलचा मराठी नवा करार. दोन्ही खरं आहे. ज्या हाताने आपल्या भाषेचं एकेक क्रियापदरूप शोधत करार उतरवला, त्याच हाताने आपल्या माणसांबद्दल ते शब्द लिहिले.

म्हणून बातमी निवडताना मी एक गोष्ट पाहते. ज्या बाईबद्दल मी वाचणार आहे, ती आज आपल्या मंडळीत तिसऱ्या बाकावर बसली असती, तर तिला मान खाली घालावी लागली असती का? लागली असती, तर ते वाक्य गाळते. उघड्या पोरांचे, पोट फुगलेल्या बाळांचे फोटो आपण पडद्यावर लावत नाही, मग त्यांच्याबरोबर आवाहनाचा कितीही चांगला मजकूर असो. यावर कमिटीत वाद झाला आहे. फोटो नसला की दान कमी पडतं, हे खरंही आहे. तरी नाही.

किती बाप्तिस्मे झाले, तो आकडा का सांगत नाही?

बऱ्याचदा कुणी कळवलेलाच नसतो. कळवलेला असला तरी मी तो वाचत नाही. गॉर्डन हॉल मुंबईत तेरा वर्षं राबले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूवेल 1821 मध्ये इथेच पटकीने गेले. 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना हॉलही पटकीनेच गेले. तेव्हा मंडळीतली इथली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या वर्षीचा आकडा कुणी वाचून दाखवला असता, तर बॉस्टनने काम बंदच केलं असतं.

दुसरं, आपल्या देशात घटनेच्या कलम 25 ने आपला धर्म पाळण्याचं, सांगण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, आणि शेजाऱ्याच्या मनात शंका पेरणारा बडेजाव न करण्याचं शहाणपण आपल्याला स्वतःला ठेवायचं आहे. माणसं म्हणजे धावफलक नव्हे. अंत्युखियाला पौल आणि बर्णबा परत आले तेव्हा त्यांनी मंडळी जमवून देवाने काय केलं ते सांगितलं, असं बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत 14 व्या अध्यायात आहे. मिशनचा पहिला अहवाल तोच. त्यात आकडा नाही.

बातम्या सारख्या दुःखाच्याच का?

नसतात हो. ऐकताना दुःखाच्या तेवढ्या लक्षात राहतात. गेल्या वर्षभराच्या कागदांची मी एकदा वाटणी केली, तर निम्म्याहून जास्त बातम्या साध्या होत्या: शाळेला छप्पर बसलं, नर्सिंगच्या मुली पास झाल्या, दोन भांडलेल्या मंडळ्यांनी मिळून प्रभुभोजन घेतलं. ही शेवटची मला सगळ्यात मोठी वाटते. भांडणं काय असतात ते आपल्यालाही माहीत आहे.

व्हॉट्सॲपवर आलेली प्रार्थना-विनंती खरी की खोटी, कसं ओळखायचं?

यावर मी लांब लिहिणार आहे, कारण ह्यात आपण सगळे एकदा तरी पडलो आहोत. मी दोनदा.

'अफगाणिस्तानात उद्या 22 मिशनरी कुटुंबांना फाशी, ताबडतोब प्रार्थना करा, दहा जणांना पाठवा.' हा निरोप तुम्हाला आला असेल. तो 2009 च्या आसपासपासून फिरतो आहे. दर दोन-तीन वर्षांनी उठून बसतो. त्याच्या मुळाशी बहुधा एक खरी घटना आहे: 2007 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या 23 स्वयंसेवकांना तालिबानने अफगाणिस्तानात पळवून नेलं. दोघांना मारलं. बाकीचे 21 ऑगस्ट संपेपर्यंत सुटले. पण निरोपातली 22 कुटुंबं आणि ती 'उद्या'ची फाशी, याला काही आधार नाही. तो 'उद्या' कधी उगवतच नाही, म्हणून तर निरोप चालू राहतो.

दुसरा तर आणखी नामी आहे. 'भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री वीस चर्च जाळली. आज रात्री ओलिसाबांग प्रांतातली दोनशे जाळणार.' जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी हा निरोप पाठवला आहे. ओलिसाबांग! असा प्रांत भारतात नाही, कधी नव्हता. बाहेरदेशी असलेल्या आपल्या एका नातेवाइकाने मला काळजीने फोन केला होता, ताई, तुम्ही सुखरूप आहात ना? मी परळला कांदे चिरत होते. आणि मंडळीच्या आजूबाजूला, बीडीडी चाळीत, किती बौद्ध घरं आपल्या शेजारी आहेत ते तुम्हाला सांगायला नको. असा निरोप पुढे ढकलणं म्हणजे आपल्याच शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणं, आणि त्यावर दहा आज्ञांत एक आज्ञा आहे.

मग पाहायचं काय? तारीख पाहा. 'आज', 'उद्या', 'आत्ताच' लिहिलंय आणि दिनांक नाही, तर थांबा. गावाचं नाव नकाशावर शोधा. कोणत्या मंडळीने, कोणत्या बिशपांनी कळवलं ते पाहा. 'दहा जणांना पाठवा' असं असेल तर मला विचारायचीही गरज नाही, पुसून टाका. आणि खात्री होत नसेल तर? प्रार्थना करायला खात्री लागत नाही. पुढे पाठवायला लागते.

काही ठिकाणांची आणि माणसांची नावं तुम्ही गाळता. का?

तिथल्यांनी तसं सांगितलेलं असतं म्हणून. मी 'उत्तर आफ्रिकेतली एक बहीण' म्हणते तेव्हा ती खरी बाई असते. नाव विचारू नका, आणि उपासनेचं थेट प्रक्षेपण चालू असताना अंदाज तर मुळीच बोलून दाखवू नका. मागे एकदा झालंय.

दानपेटीतले मिशनचे पैसे परदेशात जातात का?

नाही. पेटीवर 'मिशन' लिहिलं आहे त्यामुळे हा समज होतो. आपली मंडळी सार्वजनिक न्यासाच्या छत्राखाली आहे. न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च करायचा तर आयकराची सूट जाते, त्यासाठी खास मंजुरी लागते, शिवाय परकीय चलनाचे नियम आहेत. मंडळीच्या पातळीवर हे जमणारं काम नाही. म्हणून पेटीतले पैसे धर्मप्रांतामार्फत देशातल्याच मिशन कामाला जातात: आदिवासी भागातली वसतिगृहं, दवाखाने, गावातल्या पाळकांचे पगार. हिशेब वार्षिक सभेत ठेवला जातो. त्या सभेला तीस माणसं येतात, आणि प्रश्न मात्र वर्षभर तीनशे जण विचारतात, एवढंच नम्रपणे नोंदवते.

पावतीवर करात सूट मिळेल का, हेही विचारतात. फक्त धार्मिक हेतूच्या न्यासाला दिलेल्या देणगीवर करात सूट मिळत नाही. शाळा-दवाखाना चालवणाऱ्या, तशी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलं तर मिळू शकते, पण दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलेली रक्कम त्यात धरली जात नाही. तुमच्या सीएला विचारा, मला नको.

पण परदेशातून आपल्याला तर भरपूर पैसा येतो ना?

शेजारच्या सोसायटीतही असंच बोललं जातं. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक रुपया आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या एकाच शाखेतल्या खात्यात उतरावा लागतो, मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, आणि कारभारावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आपल्या मंडळीची अशी नोंदणी नाही. गेल्या वर्षीचा पंखा आणि नवीन माईक तुमच्या-माझ्या कृतज्ञतार्पणातून आला. माईक खरखरतो, तोही आपलाच.

आणि देणं-घेणं एका दिशेचं असतं हे कुणी सांगितलं? प्रेषितांच्या कृत्यांच्या 11 व्या अध्यायात दुष्काळ यहूदियात, म्हणजे पहिली मंडळी जिथे झाली तिथे, पडणार असतो, आणि मदत पाठवते ती अंत्युखियाची नवी मंडळी. आई भुकेली आहे असं कळल्यावर मुलीने पाठवलेला डबा.

जागतिक प्रार्थना दिन हा बायकांचाच कार्यक्रम आहे का?

तयार बायका करतात, यायचं सगळ्यांनी. दर मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. 1927 पासून तो देशोदेशी पाळला जातो. दर वर्षी एका देशाच्या स्त्रिया संपूर्ण उपासनाक्रम लिहितात आणि जगभर तोच वाचला जातो. 2023 मध्ये तैवानच्या स्त्रियांनी लिहिला, 2024 मध्ये पॅलेस्टाइनच्या, 2025 मध्ये कुक बेटांच्या, 2026 मध्ये नायजेरियाच्या.

कुक बेटांच्या वर्षी संडे स्कूलच्या एका मुलाने विचारलं की तिथे सगळे स्वयंपाकीच असतात का. नाही बाळा, कॅप्टन कुकच्या नावावरून. पंधरा बेटं आणि पंधरा हजारांच्या आसपास वस्ती. तेवढी माणसं सकाळी दादरच्या पुलावर एका तासात दिसतील. त्यांचा नमस्कार 'किया ओराना', म्हणजे तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. तो आमच्या बायकांना इतका आवडला की अजून मासळी बाजारात भेटलो तरी तसंच म्हणतो, आणि कोळीण विचारते, काय गं, कोणती भाषा?

नायजेरियाच्या स्त्रियांनी मत्तय 11:28 घेतलं. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो.' डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बायकांचं चित्र त्यांनी काढलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला विरार लोकलमधून उतरून, हातात भाजीची पिशवी घेऊन आलेल्या बायकांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

परदेशातून पाहुणे आले तर आपण काय करायचं?

चहा द्या. खरंच, इतकं पुरे. हार-तुरे, लहान मुलांची रांग, अर्धा तास स्वागतपर भाषणं, हे कमी करा. एक गोष्ट मात्र पाळावीच लागते: पाहुणे टुरिस्ट व्हिसावर आले असतील तर ते उपासनेत बसू शकतात, पण त्यांना उपदेश करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. 'दोन शब्द बोला' असा आग्रह व्यासपीठावरून करून त्यांना अडचणीत आणू नका.

मुलीला मिशन सेवेसाठी बाहेर जायचं आहे. कुठे चौकशी करू?

आधी पाळकसाहेबांशी बोला, मग बिशपांच्या कार्यालयाशी. चर्चमार्फत जाणाऱ्याला मंडळीची शिफारस लागते, आणि बोलावणारी मंडळी कोण ते स्पष्ट असतं. कुणी 'मिशन हॉस्पिटलमध्ये नोकरी, व्हिसासह' म्हणून आधी पैसे मागत असेल तर तो मिशनरी नाही, एजंट आहे. आपल्या मंडळीतल्या एका नर्सचे दीड लाख असे गेले. चर्च कुणालाही पाठवण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेत नाही.

मुलीला एक सांगा, आधी वर्षभर देशातच जाऊन ये. नंदुरबारला वीज नसलेल्या रात्री तिला कशा वाटतात ते तिला तिथेच कळेल, आईला इथे.

बातमीतला देश मुलांना कसा समजावू?

घड्याळाने. रविवारी आपली उपासना दहाला सुरू होते तेव्हा झांबियात सकाळचे साडेसहा, लोक अजून तोंड धुतायत. पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्स्बीत, दुपारचे अडीच, तिथली उपासना कधीच संपून जेवणंही झालीत. मुलांना हे फार आवडतं. नकाशा नंतर.

आपल्याला त्यांना पत्र पाठवता येईल का? इंग्रजी येत नसेल तर?

मराठीत लिहा. मी इंग्रजीत उल्था करून खाली लिहीन, पण तुमचं अक्षरही तसंच जाऊ द्या. लोकांना दुसऱ्याची लिपी पाहायला आवडते. ईमेल पटकन जातो हे मान्य, तरी जमेल तेव्हा मी कागदाचंच पत्र टाकते. पोस्टातली खोड.

काय लिहायचं याचा विचार करत बसू नका. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये महिला संघातल्या मावशींनी एका आफ्रिकन मंडळीच्या बायकांना पत्र लिहिलं. त्यांत प्रार्थनेबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळं हिंदमात्याला पाणी कसं भरलं, त्यांच्या खोलीत गुडघाभर कसं आलं, बायबल आणि रेशनकार्ड पोटमाळ्यावर कसं टाकलं, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता त्याची आठवण. मी म्हटलं, मावशी, हे त्यांना काय कळणार? त्या म्हणाल्या, पाणी सगळ्यांना कळतं गं.

पत्र कुठे अडकलं कोण जाणे. उत्तर आलं ते जानेवारीत. बारा बायकांच्या सह्या होत्या, दोघींनी अंगठा उठवला होता. लिहिलं होतं, तुमचं पत्र मिळाल्यापासून दर बुधवारी आम्ही तुमच्या खोलीसाठी प्रार्थना करतो आहोत. पाणी ओसरलं का?

मावशींनी त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं. ओसरलं.